तुम्ही लिहिलंत, तुम्हीच खोडा

"तुम्ही लिहिलंत ना दादा? मग तुम्हीच खोडा."

हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं ते सांगता येणार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते रागाने आलं होतं, मग थट्टेने यायला लागलं, आणि शेवटी शेवटी तर माणूस नमस्कार करतो तसं ती टेबलापाशी आल्या आल्या ते म्हणून टाकायची. म्हणण्याआधी दोन्ही हात पदराला पुसायची. एकदा नाही, दोनदा. डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्रात ती पोळ्या लाटायला होती, त्यामुळे नखांच्या कडेला पीठ असायचंच, आणि पीठ लागलेला कागद कोर्ट घेत नाही असं तिला कुणीतरी सांगितलेलं. मी तिला पुष्कळदा म्हटलं की बाई, कोर्टात तेलाचे डाग पडलेले कागदसुद्धा चालतात, पिठाचं काय घेऊन बसलात. तिने ऐकलं नाही.

मी टायपिस्ट. कल्याणला कोर्टाच्या भिंतीला लागून आमची टेबलं आहेत, वर निळं प्लास्टिक बांधलेलं. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, नाव बदलायचं काम अशा कशासाठी तुम्ही तिकडे आला असाल तर आम्हाला पाहिलं असेल, चेहरे मात्र आठवणार नाहीत. आमचंही तसंच असतं. मान वर करायला फुरसत नाही, म्हणून आम्ही माणसं हातांवरून ओळखतो. मी तीसहून जास्त वर्षं लोकांची भांडणं टाइप करतोय, आणि खरं सांगायचं तर मी ती वाचत नाही. वाचायला लागलो तर काम होणार नाही. सून काय म्हणाली, भावाने बांध कुठे सरकवला, हे सगळं माझ्या डोळ्यांतून शिरतं आणि बोटांतून बाहेर पडतं, मध्ये कुठे थांबत नाही. या न वाचण्याचा मला एके काळी अभिमान होता.

तिला पहिल्यांदा पाहिलं त्याला चौदा वर्षं झाली. परस्पर संमतीने घटस्फोट होता. नवरा लांब झाडाखाली फोनवर बोलत उभा. ही माझ्या बाकाच्या टोकाला बसलेली, आणि शेजारी चार वर्षांची मुलगी माझा टाचण्यांचा डबा खुळखुळ वाजवत होती. मारहाण, दारू असलं काही नव्हतं. पटत नव्हतं, बस. ती कोपरला भावाच्या घरी परत आलेली, आणि भावाच्या एका खोलीत आधीच पाच माणसं. वकिलांनी हाताने लिहिलेला मसुदा माझ्यापुढे टाकला, त्यात मुलगी बापाकडे राहील असं होतं. बाप शीळफाट्याच्या बाजूला राहायचा, घरात त्याची आई होती. मी कागद टाइप करून तिच्या हातात दिला तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला.

"दादा, ताबा म्हणजे?"

"म्हणजे मुलगी राहणार कुठे ते."

"हां. मग ठीक आहे," ती म्हणाली. "सध्या राहू दे तिथे. माझी खोली झाली की आणीन."

"वाचून सही करा," असं मी म्हटलं, जसं सगळ्यांना म्हणतो. ती "वाचलं" म्हणाली, जसं सगळे म्हणतात. हात दोनदा पदराला पुसले आणि सही केली.

आता यात तिचं काय चुकलं ते सांगतो, कारण ही चूक आपल्याच भागातलं माणूस करू शकतं. आपल्याकडे ताबा हा शब्द कुणी मुलांसाठी वापरत नाही. तो इमारतीचा शब्द आहे. तिच्या भावाने तेव्हा घर बुक केलेलं, आणि त्या घरात उठता बसता एकच विषय असायचा, ताबा कधी मिळणार. आज बिल्डरकडे आहे, काम पुरं झालं की आपल्याकडे येणार. उशीर होतो, पण येतो. तिने मुलीचा ताबाही असाच धरला. नवऱ्याकडे आहे, माझी खोली झाली की माझ्याकडे येणार. पुढे मला हे तिनेच समजावून सांगितलं, आणि समजावताना तिला स्वतःची कीव आली नाही, रागच आला.

दीड वर्षाने ती परत आली. कोपरलाच भाड्याने खोली घेतलेली. भाडेकरार प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती शीळफाट्याला मुलीला आणायला गेली, तिथे नवऱ्याने तिच्यासमोर तिचाच सही केलेला कागद धरला. मुलीचा ताबा कायमस्वरूपी वडिलांकडे राहील. ती तिथून निघाली ती सरळ माझ्या टेबलापाशी.

"मी पोरीला आणायला गेलेले," ती म्हणाली. "तो बोलतो कायम आहे. मी कायम कधी बोलले? तुम्ही लिहिलंत ना? मग तुम्हीच खोडा."

"असं खोडता येत नाही, ताई. कोर्टाचा शिक्का बसला त्यावर."

"मग वरती लिहा, चुकून लिहिलं."

आजूबाजूच्या टेबलांवरचे दोघे तिघे हसले. मीही हसलो असेन. मी तिला वकिलांकडे जायला सांगितलं आणि पुढचा कागद ओढला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. दुपारी जेवणानंतर मी जुन्या मसुद्यांचा गठ्ठा सोडला. मी मसुदे टाकून देत नाही, उद्या कुणी भांडायला आलं तर दाखवायला असावेत म्हणून. तिचा मसुदा सापडला. वकिलांच्या अक्षरात लिहिलं होतं, "मुलीचा ताबा वडिलांकडे राहील." एवढंच. कायमस्वरूपी हा शब्द त्यात नव्हता. तो माझा होता.

कसा आला ते मला लगेच कळलं. आयुष्यभर कायम खरेदीखतं टाइप केलेली, कायमस्वरूपी हक्क, कायमस्वरूपी ताबा. ताबा म्हटलं की बोटं आपोआप तिकडे वळतात. नंतर तो कागद दोन वकिलांनी पाहिला, नवऱ्याने पाहिला, तिने पाहिला, कुणालाच खटकलं नाही. किंवा ज्याला सोयीचं होतं त्याने खटकू दिलं नाही. मी मसुदा परत गठ्ठ्यात घातला आणि गठ्ठा बांधला. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं मला माहीत नाही. मी भ्यालो, हे मात्र माहीत आहे.

त्या दिवशी मी एकच गोष्ट केली. माझ्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्या नमुन्यांतून तो शब्द काढून टाकला. फक्त खरेदीखतात ठेवला, तिथे तो लागतो.

तिला वकील चांगली मिळाली. ठाण्याहून यायची, मोजकं बोलायची. तिने पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी उभं राहून समजावलं, "हे बघा, ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की बदल मागता येतो. कोर्टात कायम असं काही नसतं." ते कायद्याने खरं होतं. पण पुढची सात वर्षं समोरच्या बाजूचा वकील दर तारखेला तोच शब्द बोटाने दाखवत राहिला. बाईंनी स्वतः, आपखुशीने, कायमस्वरूपी हक्क सोडलेला आहे. मी आत जात नसे, बाहेर आल्यावर ती मला सांगायची. मी ऐकून घ्यायचो आणि तिचा पुढचा अर्ज रांग मोडून आधी टाइप करायचो. "तुम्ही भले माणूस आहात दादा," ती म्हणायची. असं वाक्य ऐकून खाली बघणं मला सोपं गेलं, कारण खाली की-बोर्ड असतो.

अर्ज चालू होता तोवर कोर्टाने भेटीचा आदेश दिला. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी दोन तास, कोर्टातल्याच एका खोलीत. खोलीत प्लास्टिकचा घोडा होता, भिंतीवर फळांचे तक्ते होते. ती सकाळच्या पोळ्या उरकून यायची. डब्यात तूपसाखर लावलेल्या पोळीच्या सुरळ्या असायच्या. पहिले दोन-तीन महिने मुलीने डब्याला हात लावला नाही, आजीने बाहेरचं खायचं नाही असं बजावलेलं. ही तरी डबा उघडून ठेवायची. मग एका शनिवारी ती भेट संपवून बाहेर आली, माझ्या बाकावर बसली आणि डब्यातून पोळीचे तुकडे काढून खायला लागली. नुसते काठ होते.

"खाल्लं आज," ती म्हणाली. "काठ खात नाही. मी पण लहानपणी नव्हते खात."

पुढे दर भेटीनंतर ती बाकावर बसून काठ खायची, चहाही घ्यायची नाही त्यांच्यावर. पुढे पुढे ती घरीच काठ कापून सुरळ्या करायला लागली, पण काठ वेगळ्या कागदात बांधून आणायची आणि इथेच बसून खायची. मी विचारलं नाही का ते.

तोवर तिला कागद वाचायचं वेड लागलेलं. शिक्षण सातवीपर्यंत. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द वाचायची. स्वतःचे वाचून झाले की दुसऱ्यांचे. माझ्याकडे कुणी सही करायला वाकलं की बाकाच्या टोकावरून आवाज यायचा, "ओ ताई, कायम आहे का बघा त्यात." एकदा एक निवृत्त गृहस्थ भाडेकरार करायला आलेले, अगदी स्वच्छ धोतरात, त्यांनाही तिने सोडलं नाही.

"हा अकरा महिन्यांचा करार आहे," ते म्हणाले. "आपण इथे नोकरीस आहात का?"

"नाही. तारखेला आलेय. बघून घ्या तरी."

त्यांनी खरोखर चष्मा लावून सगळा करार वाचला आणि घरमालकाच्या नावातली चूक काढली. मला तो परत छापायला लागला. मी तिच्यावर वैतागलो, तर ती म्हणाली, "माझ्या वेळेला कुणी बसलेलं नव्हतं ना इथे." 

तिला हसताना मी एकदाच पोटभर पाहिलं, आणि त्याला कारण माझीच आणखी एक चूक. समोरची बाजू म्हणायची की बाईंना स्वतःचं घर नाही, म्हणून तिने भावाच्या मदतीने टिटवाळ्याला एक खोली बुक केली, स्वयंपाकघर वेगळं असलेली. बिल्डर रखडवायला लागला. त्याच्या विरुद्धचा अर्ज सकाळी टाइप केला, आणि दुपारी मुलीच्या ताब्याचा. घाईत एकातलं वाक्य दुसऱ्यात चिकटलं. ती बोट सरकवत वाचत होती, बोट थांबलं.

"दादा, हे काय? सदर मुलीचा रिकामा व शांततापूर्ण ताबा अर्जदारास देण्यात यावा. रिकामा म्हणजे?"

माझ्या लक्षात आलं आणि मी कपाळाला हात लावला.

"रिकामी कशी देणार तिला?" ती म्हणाली. "दप्तर-बिप्तर काढून ठेवून घेणार का? आणि शांततापूर्ण तर सोडाच. लई तोंडाळ आहे ती." मग पदर तोंडाला लावून हसायला लागली ती थांबेचना. वकीलबाई आल्या, त्यांना दाखवलं, त्याही हसल्या. त्यानंतर ती कित्येक महिने येताना विचारायची, "दादा, माझी पोरगी कितव्या मजल्यावर ठेवलीत?"

पण चेष्टा किती दिवस पुरणार. एक तारीख कोर्टाची असायची, एक बिल्डरची. साहेब रजेवर, समोरचा वकील आजारी, काम आलंच नाही. ती आली की मी विचारायचो, "कुठला ताबा मिळाला?" आणि ती म्हणायची, "दोघांनीही पुढची तारीख दिली." तिच्या कानशिलावरचे केस माझ्या टेबलाशी पांढरे झाले. मी मान वर न करणारा माणूस, मलाही ते दिसलं. थकलेलं माणूस कसं बसतं ते तुम्ही पाहिलंय का? पाठ टेकत नाही. टेकली तर उठता येणार नाही म्हणून.

मुलगी तेरा वर्षांची झाली तेव्हा साहेबांनी तिला एकटीला आत बोलावून विचारलं, कुठे राहायचंय. ती म्हणाली, आहे तिथेच. शाळा तिथे, मैत्रिणी तिथे, आजी तिथे. आईबद्दल तक्रार काही नाही म्हणाली. दोन शनिवारांची आई, तिच्याबद्दल तक्रार तरी काय असणार.

बाई बाहेर आली आणि बाकावर बसली. त्या दिवशी पदराला हात पुसले नाहीत.

"लिहा दादा," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"अर्ज मागे घेते."

मी वकीलबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. त्यांनी तिला आधीच पुष्कळ समजावलेलं असणार. असा अर्ज मागे घ्यायला पुरसीस देतात, चार ओळींचा कागद असतो. मी कोरं पान उघडलं.

"कारण काय घालू?"

"तिने खरं ते सांगितलं. खोटं बोलायला मी शिकवलं नाही, शिकवायला होतेच कुठे." तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं. "लिहा, दमले."

"असं लिहीत नाहीत, ताई."

"मग काय लिहितात?"

"अर्जदारास सदर अर्ज पुढे चालवायचा नाही, असं लिहितात."

"तेच ते."

मी लिहिलं. तिने बोट ठेवून चारही ओळी वाचल्या, त्यात कायम नव्हता. सही केली. त्या वेळी मला वाटलं होतं की आता तरी सांगावं, तो शब्द माझा होता, वकिलाचा नव्हता, नवऱ्याचा नव्हता. तोंड उघडलंही. पण दमलेल्या माणसाला आणखी एक ओझं कशाला द्यायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. भित्र्या माणसाला दयाळूपणाची कारणं फार पटकन सुचतात. ती उठली, डबा पिशवीत घातला. "शनिवार मोकळे झाले," एवढंच म्हणाली.

अर्ज गेला तशा भेटीही गेल्या. बाकाच्या टोकाला दुसरी माणसं बसायला लागली, न वाचता सह्या करायला लागली. मी आता वाचायला लागलेलो. माझं काम निम्म्यावर आलं असं शेजारचा टायपिस्ट म्हणतो, पण मला बाकावरून तो आवाज आल्यासारखा वाटायचा.

वर्षभराने ती एकदा आली. हात दोनदा पुसले, पिशवीतून एक कागद काढून माझ्या की-बोर्डवर ठेवला. टिटवाळ्याच्या खोलीचं ताबापत्र होतं. तिने बोट ठेवून मला एक ओळ दाखवली. सदर सदनिकेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा आज रोजी देण्यात आला आहे.

"तुमचं वाक्य बरोबर जागेवर आलं दादा," ती म्हणाली.

मला हसता आलं नाही. ती थोडं हसली. खोली कशी आहे विचारलं तर म्हणाली, "हवेशीर आहे. लिहिलंय तशीच आहे." मी चहा मागवला, तिने अर्धा घेतला. जाताना म्हणाली की या गेटच्या बाजूला आता पाय ठेवणार नाही, ठेवायचं कारणही नाही. आणि खरोखरच ती परत आली नाही.

त्यानंतर चार वर्षं गेली. गेल्या महिन्यात दुपारी एक मुलगी टेबलाशी उभी राहिली. पाठीला सॅक, कानात वायर, हात टेबलावर ठेवलेले. हातांवरून काही ओळख लागली नाही.

"काका, नाव चेंज करायचंय. गॅझेटला द्यायचंय. अॅफिडेव्हिट लागतं ना?"

मी आधारकार्ड मागितलं. त्यावर शीळफाट्याकडचा पत्ता होता. राहायचा पत्ता तोच का विचारलं तर म्हणाली, नाही, टिटवाळा, आणि इमारतीचं नाव सांगितलं. ते नाव मी बिल्डरविरुद्धच्या किमान सहा अर्जांत टाइप केलेलं होतं. मी मान वर केली.

"तुम्हीच ना ते काका?" ती म्हणाली. "आई बोलली, निळ्या प्लास्टिकखाली तिसरं टेबल."

मी तिला बाकावर बसवलं. ती आईसारखीच टोकाला बसली, की मला तसं वाटलं. मी विचारलं, आई कशी आहे.

"बरी आहे. खांदा धरलाय तिचा. पोळ्या सोडल्या, आता केंद्रावर डबे भरायला असते." मग आपणहूनच सांगायला लागली. "मी अॅक्चुअली कॉलेजसाठी आलेले टिटवाळ्याला. इथे कल्याणला अॅडमिशन झाली, शीळफाट्यावरून ट्रॅफिकमध्ये दीड दीड तास जायचा. आजी पण गेलेली तोपर्यंत. पप्पा बोलले, राहा तिकडे, जवळ पडेल. अठरा झालेली मला, मग कोणाला विचारायचंच नव्हतं."

"आई काय म्हणाली?"

"काहीच नाही. किती दिवस राहणार, ते पण नाही विचारलं. पहिल्या दिवशी जेवायला बसलो, तर तिने माझ्या पोळीचे काठ काढून ठेवले. मला कळेना, ही काय करते. मी खाते काठ. कधीपासून खाते." तिने सॅकचा पट्टा सारखा केला. "अजून काढते. आता मी बोलत नाही तिला काय."

मी स्क्रीनकडे वळलो. चौदा वर्षं त्या बाईने ज्या मुलीची वाट पाहिली ती काठ न खाणारी होती. ती कुठल्याच कोर्टाकडून परत मिळणार नव्हती. आलेली ही दुसरी होती, मोठी झालेली, आणि तिचीही ती त्याच प्रेमाने उस्तवार करत होती. मी दोनदा चुकीची फाइल उघडली. हे असं मला कामावर होत नाही.

नाव बदलण्याचा नमुना तयारच असतो. जुनं नाव, नवं नाव, कारण. मुलीला आपल्या नावापुढे वडिलांच्या जागी आईचं नाव लावायचं होतं. मी विचारलं, वडिलांना माहीत आहे का. "सांगितलं त्यांना. बोलले, तुझी मर्जी." कारण काय लिहू म्हटलं, तर खांदे उडवून म्हणाली, "आईकडे राहते म्हणून." आईचं नाव मी टाइप केलं. ते इथे लिहीत नाही, तिने मला परवानगी दिलेली नाही, आणि तिला वाचायची सवय आहे.

कागद छापून मुलीच्या हातात दिला. सवयीने म्हणालो, वाचून सही कर.

आणि तिने कानातली वायर काढली, कागद टेबलावर ठेवला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ओठ हलत होते. मी दुसऱ्या कामाला लागलो नाही. ती शेवटपर्यंत आली, परत वर गेली, परत खाली आली.

"काका, यात कायम कुठे आहे?"

"काय?"

"कायम. आई बोलली, यापुढे मला कायम याच नावाने ओळखण्यात यावं, असं लिहिलेलं असेल तरच सही कर. नाहीतर करू नको."

"मी तो शब्द काढून टाकलाय सगळ्यातून," मी म्हणालो. "बरीच वर्षं झाली."

"हो, तिला माहितीये," मुलगी म्हणाली. "ती बोलली, काकांनी काढला असेल तर त्यांना घालायला सांग. बोलली, तो शब्द त्यांचाच आहे."

म्हणजे तिला माहीत होतं. केव्हापासून, ते मुलीला विचारण्यात अर्थ नव्हता. वकिलांकडची मसुद्याची प्रत तिने कधीतरी पाहिली असणार, बोट ठेवून वाचली असणार. आणि तरी ती मला भला माणूस म्हणत राहिली, माझ्या बाकावर बसून काठ खात राहिली, आणि दर खेपेला तेच सांगत राहिली, की तुम्ही लिहिलंत, तुम्हीच खोडा. मी ते सगळं थट्टेवर घेतलं होतं.

मी फाइल परत उघडली. कर्सर 'यापुढे मला' याच्या पुढे नेऊन ठेवला. तीन अक्षरांचा शब्द, तीस वर्षांत हजारदा टाइप केलेला, पण त्या दिवशी एकेक कळ बघून दाबली. परत छापला. मुलीने ती ओळ बोट ठेवून वाचली, मग पेन मागितलं.